'सामूहिक सौदेबाजी' की 'वाटाघाटी'?

अनुवादिका: युनियनच्या मान्यतेवरून झालेल्या खटल्याचा निकाल मराठीत आणतेय. 'कलेक्टिव्ह बार्गेनिंग'ला, म्हणजे कामगारांच्या वतीने युनियनने मालकाशी पगार आणि अटी ठरवण्याला, मी 'सामूहिक वाटाघाटी' लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'सामूहिक सौदेबाजी' केलं. तुम्ही काय वापरता?

शब्दवेडा: वाटाघाटीच. मराठीत 'बाजी' चिकटली की शब्दाची अब्रू जाते. गटबाजी, घोषणाबाजी बघा.

जुना कमिटीवाला: गेटवर दोन्ही ऐकले नाहीत. मागणीपत्र द्यायचं, मग बोलणी, मग करार. 'बोलणी फिसकटली' म्हटलं की अख्ख्या खात्याला कळायचं. 'बोलणी' का नको?

वकील: आधी एक सांगा, 'मान्यताप्राप्त'चं 'नोंदणीकृत' तर झालं नाही ना? बातम्यांत सर्रास होतं, आणि त्याने निकालाचा अर्थच जातो. नोंदणी २०२५पर्यंत १९२६च्या ट्रेड युनियन कायद्याने व्हायची. एका कारखान्यात एकाहून जास्त युनियन नोंदवता येतात. खटला महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्याखालचा असेल, तर मान्यता, म्हणजे मालकाशी करार करण्याचा हक्क, एकीलाच. अर्जाआधीचे सलग सहा महिने किमान ३० टक्के कामगार सभासद हवेत, आणि ठरवणार औद्योगिक न्यायालय. भांडण पेटतं ते पुढच्या गोष्टीवरून: मान्यताप्राप्त युनियनने केलेला पगारवाढीचा करार सगळ्यांना लागू, तिचं तोंड न पाहणाऱ्यांनाही आणि उद्या भरती होणाऱ्यांनाही.

अनुवादिका: दोन ठिकाणी झालंय! बदलते.

जुना कमिटीवाला: आमच्याकडे सभासद मोजायला तपास अधिकारी पावतीपुस्तकं घेऊन बसले, तर तीच नावं दोन्ही युनियनच्या पुस्तकांत. उद्या कोण येईल ठाऊक नाही, म्हणून माणूस दोघांकडे वर्गणी भरतो. सही जुळवता जुळवता महिने गेले, तोवर करार अडकला.

गिरणगावकर: 'प्रातिनिधिक' विसरू नका. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यातला शब्द, कामगारांच्या वतीने बोलण्याचा हक्क असलेल्या युनियनसाठी. १९८२च्या गिरणी संपात कामगार होते पुढारी दत्ता सामंतांमागे आणि प्रातिनिधिक दर्जा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. तो शब्द माझ्या तोंडून अजून सरळ निघत नाही.

शब्दवेडा: तो दोष कायद्याचा, शब्दाचा नव्हे. पण 'युनियन' कशाला? 'कामगार संघटना' आहे की.

गिरणगावकर: संघटना डॉक्टरांची असते, लेखकांची असते. पावती फाटते ती युनियनची.

वकील: २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेत अनेक युनियन असतील तर ५१ टक्के पाठिंबा असलेली 'निगोशिएटिंग युनियन' ठरते. तिथे वाटाघाटी नावातच आहेत.

अनुवादिका: बरं, 'सेटलमेंट'चं त्यांनी 'समझोता' केलंय.

जुना कमिटीवाला: करार! समझोता म्हणजे पडतं घेतल्यासारखं.

शब्दवेडा: 'करार' अरबी. 'समेट' घ्या.

वकील: समेट अजिबात नको. ते कन्सिलिएशन, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याच्या मध्यस्थीने होणारी बोलणी. समेट अधिकाऱ्यासमोरचा करार आणि मालक-युनियनने आपसात केलेला करार, हे कायद्यात वेगळे आहेत.

शब्दवेडा: मग आपसातल्याला 'तडजोड' म्हणा.

जुना कमिटीवाला: कमिटीवर तडजोड ही शिवी होती.