अनुभव धागा : घर दाखवताना दिसलेली सांगली

विश्रामबाग, सांगली (धाग्याची सुरुवात)

घरे आणि प्लॉट यांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थ म्हणून मी १९९८ पासून काम करतो, म्हणजे सांगली, मिरज आणि कुपवाड यांची एकत्र महापालिका झाली त्या वर्षापासून. तोंडावर लोक आम्हाला ‘एजंट’ म्हणतात, पाठीमागे ‘दलाल’ म्हणतात, आणि मुलीच्या लग्नाच्या बोलणीत आमचा व्यवसाय ‘जमिनीचे व्यवहार’ असा सांगितला जातो. या धाग्यात कोणी किमती लिहू नयेत आणि कोणाची नावेही लिहू नयेत. घर घेताना, विकताना किंवा भाड्याने देताना आपली गल्ली आणि आपली माणसे कशी दिसली, एवढेच लिहावे. सुरुवात माझ्यापासून करतो.

पुण्या-मुंबईहून आलेले गिऱ्हाईक आधी दर विचारते. सांगलीचे गिऱ्हाईक आधी विचारते, ‘‘एकोणीसला इथं पाणी कुठवर आलं होतं?’’ आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. २००५ मध्ये ती ५३ फुटांच्या आणि २०१९ मध्ये ५७ फुटांच्या पुढे गेली होती. सूर्यवंशी प्लॉट किंवा कर्नाळ रोड या भागातील लोकांना तर पुलावरचा आकडा ऐकला की पाणी आपल्या कितव्या पायरीला टेकले असेल, हे घरात बसून सांगता येते. घर विकणारा मात्र या प्रश्नाला नेहमी ‘‘फार नाही, उंबऱ्यापर्यंत’’ असे उत्तर देतो. त्यामुळे मी त्याला विचारतच नाही. मी आधी विजेच्या मीटरकडे पाहतो. पाणी शिरलेल्या गल्ल्यांमध्ये पूर ओसरल्यावर लोकांनी मीटरच्या पेट्या डोक्याच्याही वर बसवून घेतल्या, पाण्याची मोटर वर नेली आणि देवघर माडीवर हलवले. भिंतीला नवा रंग देता येतो. पण मीटर पुन्हा खाली आणून बसवण्याचे धाडस अजून एकाही मालकाने केलेले मी पाहिलेले नाही. त्यानंतर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जातो. साखरेची पोती किती उंच फळीवर हलवावी लागली होती, हे दुकानदार कधी विसरत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आठवडाभर माझा फोन सतत वाजत होता, आणि सगळ्यांना उंचावरची, कोरडी खोली हवी होती. विश्रामबागेतील एका काकूंनी मागच्या दोन खोल्या कर्नाळ रोडवरच्या एका अनोळखी कुटुंबाला दिल्या, भाड्याचा विषयही काढला नाही. दिवाळी आली तरी ते कुटुंब तिथेच होते. तेव्हा काकूंनी मला बोलावून सांगितले, ‘‘पाहुणे काही जायचं नाव घेत नाहीत, तर आता रीतसर कागद करून टाका.’’ अकरा महिन्यांचा करार झाला. या व्यवहारात दलाली मागणे मला काही जमले नाही, आणि काकूंनीही ती देऊ केली नाही.

गावभाग, सांगली

आमचा वाडा विकला गेला त्याची ही हकिगत आहे. मालमत्ता पत्रकावर अजून पणजोबांचेच नाव होते, त्यामुळे वारसांची नोंद लावण्यापासून सुरुवात करावी लागली. माझे वडील धरून चार भाऊ आणि तीन बहिणी. ज्या मध्यस्थांनी गिऱ्हाईक आणले होते ते अनुभवी होते. त्यांनी वडिलांना पहिल्याच दिवशी बजावले, ‘‘बहिणींशी बोलताना ‘हक्कसोड’ हा शब्द काढू नका, नुसतं ‘सहीला या’ म्हणा.’’ मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मला ही युक्ती फार हुशारीची वाटली होती.

दुय्यम निबंधक कार्यालयात दोघी मोठ्या आत्यांनी न वाचता सह्या केल्या. धाकट्या आत्या इचलकरंजीहून आल्या होत्या. त्यांनी बाकावर बसून चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा दस्त वाचला. आम्ही सगळे उभे होतो. बाहेर चहावाला दोनदा येऊन गेला. वाचून झाल्यावर त्यांनी कागद वडिलांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘‘अण्णा, यात मी स्वखुशीने हक्क सोडते असं लिहिलंय. ती खुशी मला कुणी विचारली?’’

त्या दिवशी सही झाली नाही. घरी परतल्यावर काकांनी बरेच तोंडसुख घेतले. आईने मात्र शांतपणे विचारले की हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच वाटा दिला आहे, हे त्या मध्यस्थांना ठाऊक नव्हते, की ठाऊक असूनच त्यांनी ती युक्ती शिकवली? व्यवहार आठ महिने लांबला. गिऱ्हाईक थांबले, हे आमचे नशीब. अखेर खरेदीखतावर सातही भावंडांच्या सह्या झाल्या आणि तिघी बहिणींना त्यांचा वाटा मिळाला, म्हणजे न मागणाऱ्या दोघींनाही. आत्या आता गणपतीत दीड दिवस वडिलांच्या फ्लॅटवर येतात. काका त्या दिवशी उशिरा येतात आणि आरती झाली की लगेच निघतात.

शामरावनगर, सांगली

वडिलांनी दीड गुंठ्याचा प्लॉट घेतला तेव्हा हाती फक्त स्टॅम्प पेपरवरचा करार आला होता, कारण एवढ्या लहान तुकड्याच्या खरेदीला तुकडेबंदीचा कायदा आड येत होता. असे प्लॉट नियमित करून देणारा २००१ चा गुंठेवारी कायदा झाल्यावर पैसे भरून तो नियमित करून घेतला, आणि ते प्रमाणपत्र आजही आईच्या कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली आहे. पावसाळ्यात आमच्याकडे नदीचे पाणी यायच्या आधी पावसाचेच पाणी साचून राहते. आम्हाला प्लॉट विकणारे एजंट स्वतःही त्याच गल्लीत राहत. त्यामुळे चिखलात रिक्षा रुतली की लोक नगरसेवकाच्या आधी त्यांच्या दारात जाऊन ओरडत, आणि मुरमाच्या वर्गणीत सगळ्यात मोठी रक्कम त्यांनाच घालावी लागे. आपण विकलेल्या गल्लीतच राहायचे, असा नियम सगळ्या एजंटांना लावला तर निम्मे प्लॉट आपोआप सुधारतील, असे आमचे वडील म्हणत.

मिरज

मी खोल्या भाड्याने लावून देते. मिरजेत दवाखाने भरपूर असल्यामुळे माझ्याकडे येणाऱ्यांत परिचारिका, वैद्यकीय विद्यार्थी आणि कर्नाटकातून आलेले रुग्णांचे नातेवाईक जास्त असतात. नातेवाइकांना महिनाभरासाठी खोली आणि स्वयंपाकापुरता गॅस हवा असतो. कन्नडमध्ये ‘किती दिवस?’ एवढे विचारायला मी शिकले आहे. मात्र त्याचे उत्तर त्यांनाही माहीत नसते.

इथे एक कडू गोष्ट लिहिणे मला भाग आहे. घरमालक मला खोलीचे भाडे, अनामत आणि पाण्याची वेळ सांगतात, आणि मग आवाज खाली आणून विचारतात, ‘‘आडनाव काय?’’ पूर्वी मी ते सांगून टाकत असे, कारण दिवसभर पायपीट करून शेवटी नकार ऐकण्यापेक्षा ते सोपे वाटे. एकदा एका परिचारिकेला पाच ठिकाणी नकार मिळाला. सहाव्या ठिकाणी जाताना ती मला म्हणाली, ‘‘ताई, या वेळी आडनाव मीच सांगते, तुम्हाला सारखं अवघडल्यासारखं होतं.’’ तेव्हापासून हा प्रश्न आला की मी मालकांना नोकरीचे पत्र दाखवते आणि बाकीचे त्यांनी भाडेकरूला समोरासमोर विचारावे, असे सांगते. समोरासमोर विचारायला बहुतेकांची जीभ रेटत नाही. तीन मालक मात्र त्यामुळे माझ्याकडून तुटले.

हरिपूर

आमच्या गावात प्लॉट पाहायला येणारा माणूस कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचे देऊळ आणि झाडी पाहून खूश होतो. जमिनीखाली काय आहे, हे विचारण्याचे त्याच्या मनातही येत नाही. सांगलीच्या बाजारातील हळद पूर्वी हरिपूरच्या पेवांत साठवली जात असे. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले कोठार, ज्याचे तोंड अरुंद आणि पोट मोठे असते. इथली माती अशी घट्ट की बांधकामाशिवाय ते उभे राहते आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. २००५ च्या पुरात पाणी आत शिरून पुष्कळ पेवे निकामी झाली. काही बुजवली गेली, तर काही बुजवल्याचे नुसते सांगण्यात आले.

माझ्या मेहुण्यांनी घेतलेल्या प्लॉटवर पायाचे खड्डे काढताना जेसीबीचे मागचे चाक एकाएकी खचले. सातबारा स्वच्छ होता, मोजणी झालेली होती, चतुःसीमा जुळत होत्या. पण जमिनीच्या पोटाची नोंद कोणत्याही उताऱ्यावर नसते. शेजारच्या आजोबांना विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘‘हो, ते जुनं पेव आहे. तुम्ही विचारलं नाही, म्हणून आम्ही बोललो नाही.’’ त्या आजोबांनी तरुणपणी पेवात उतरून हळदीची पोती भरलेली होती. झाकण काढल्याबरोबर कोणी आत उतरत नसे, आधी आतली कोंडलेली हवा जाऊ देत, हे सांगताना त्यांनी मजुरांना खड्ड्यापासून चार पावले मागे सरकायला लावले. भरावाचा खर्च वाढला आणि तो कोणी सोसायचा यावरून विकणाऱ्याशी आजही बोलणे बंद आहे. प्लॉट दाखवणारे गृहस्थ तर त्या दिवसापासून फोनच उचलत नाहीत.

धाग्याची सुरुवात करणारा, पुन्हा

हरिपूरचा अनुभव वाचून लाज वाटली, कारण मीही तिथे चार प्लॉट दाखवले आहेत आणि त्यांपैकी एकाही ठिकाणी शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला पेवाबद्दल विचारलेले नाही. चौघांनाही फोन करतो आहे.

खणभाग, सांगली

हा धागा दुपारी वाचला आणि कर्नाळ रोडवरच्या ज्या घराचा इसार उद्या द्यायचा होता, तिथे संध्याकाळी पुन्हा गेलो. मीटर माझ्या डोक्याच्या हातभर वर होता. मालकांना कारण विचारले तेव्हा त्यांनी आधी मुलांच्या खेळण्याचे निमित्त सांगितले, मग जरा थांबून आत बोलावले, चहा दिला आणि जिन्याची अकरावी पायरी दाखवली. इसार पितृपंधरवडा संपल्यावर द्यायचे ठरले आहे. किमतीचे बोलणे नव्याने करायचे, हेही त्यांनीच सुचवले.