एसएमपीएसचे (पीसीच्या पॉवर सप्लायचे) व्होल्टेज लोडवर (पीसीवर ताण असताना) उतरतायत, हे नॉर्मल आहे का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

गेम किंवा रेंडरिंग सुरू असताना पीसी मध्येच रीस्टार्ट होतो. निळी स्क्रीन नाही, एरर नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) फक्त 'कर्नल-पॉवर ४१', आणि ती नोंद तर नुसती वीज गेली तरी येते. तापमान ठीक, रॅमची टेस्टही स्वच्छ. म्हणून एसएमपीएसवर संशय आहे.

सॉफ्टवेअरमध्ये १२ व्होल्टची लाइन एरवी ११.८१ आणि लोडवर ११.३२ दिसते. एटीएक्सच्या (पीसी सप्लायच्या मानकाच्या) हिशोबाने ५ टक्के सूट, म्हणजे ११.४० ते १२.६० चालतं. आकडा खाली गेलेला पाहून धास्तावलो आणि मल्टिमीटर लावला. २० व्होल्ट डीसी रेंज, काळी प्रोब काळ्या वायरला, लाल प्रोब ग्राफिक्स कार्डच्या कनेक्टरमागून पिवळ्या वायरला. तिथे एरवी १२.०८, लोडवर ११.५६. ५ आणि ३.३ च्या लाइन जागच्या हलत नाहीत.

खरा आकडा कोणता धरू? आणि अर्धा व्होल्ट उतरणं चालतं का?

प्रतिसाद १
मल्टिमीटरचाच धरा. सॉफ्टवेअरचा आकडा मदरबोर्डवरच्या सेन्सर चिपचा असतो. ती १२ व्होल्ट रेझिस्टरने कमी करून मोजते, त्यामुळे फरक पडतोच.

११.५६ मर्यादेत आहे, पण एवढी घसरण मला पटत नाही. जुन्या पद्धतीच्या सप्लायमध्ये १२ दबलं की ५ वर चढतं. तुमचं ५ स्थिर आहे, म्हणजे घसरण वाटेत, केबलमध्ये होत असावी. त्याच लोडवर मोकळ्या मोलेक्सच्या (सप्लायच्या चार पिनी कनेक्टरच्या) पिवळ्या वायरवर मोजा. कार्डाला दोन प्लग एकाच केबलवरून दिलेत का?

प्रतिसाद २
रिपल (डीसी व्होल्टेजमधले बारीक, वेगवान चढउतार) मल्टिमीटरवर दिसत नाही हे लक्षात असू द्या. १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टपर्यंत मान्य आहे, पण त्याला ऑसिलोस्कोप लागतो. आणि सप्लायची पेटी कृपया उघडू नका, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

धागाकर्ता
मोलेक्सवर लोडमध्ये ११.९८! आणि हो, दोन्ही प्लग एकाच केबलचे होते, त्यातल्या एकाचं प्लॅस्टिक पिनपाशी तपकिरी पडलंय. सप्लायसोबत आलेल्या दोन वेगळ्या केबल लावल्या, आता कार्डापाशी लोडवर ११.८७ मिळतात. मोठं रेंडर लावलंय. तरीही रीस्टार्ट झाला तर इथेच कळवतो. दोघांचे मनापासून आभार.