मदत हवी आहे: कंपवात, लर्क-टू आणि 'रॅब'चं बटण – नेमकं बिघडतं काय?

बाबांना चार वर्षांपासून कंपवात आहे. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी, जपमाळ ओढत असल्यासारखी एकमेकांवर फिरत राहतात. दुधाचा हिशेब ते अजून स्वतःच लिहितात. ओळ ठसठशीत 'सोमवार'ने सुरू होते आणि रकमेपर्यंत येईतो आकडे मुंगीएवढे होतात. मी कॉमर्सवाली, पण हे अक्षर का आकसतं ते समजल्याशिवाय चैन पडत नाही. दोन महिने वाचतेय आणि एका जागी अडलेय.

मला कळलं ते असं. रॅब नावाची छोटी प्रथिनं पेशीत बटणासारखी वागतात. जीटीपी (तीन फॉस्फेट असलेला एक छोटा रेणू) धरलेला असला की चालू. त्यातला एक फॉस्फेट तुटून जीडीपी उरला की बंद. माणसात अशी साठाहून जास्त रॅब आहेत. पेशीतला कुठला माल कुठे उतरवायचा, हे त्यांच्यावर अवलंबून असतं. लर्क-टू हे जनुक २००४ मध्ये कंपवाताशी जोडलं गेलं. ज्या घराण्यांत ते सापडलं त्यांतली काही बास्क (स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या लोकांपैकी) होती. त्यांच्या भाषेत 'दरदरा' म्हणजे कंप, म्हणून या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला दरदारिन नाव दिलं (त्यालाही लर्क-टूच म्हणतात). (आपल्या 'थरथर'च्या किती जवळचं! वाचून काटा आला.) २०१६ मध्ये कळलं की हे प्रथिन, जे एक विकर (एन्झाइम) आहे, रॅब८, रॅब१० अशा काही रॅबना फॉस्फेट चिकटवतं, आणि जनुकात बिघाड असला की जास्तच चिकटवतं.

मग बटण 'चालू'वर अडकतं, की मोडतं? जीटीपीतही फॉस्फेट, इथेही फॉस्फेट. माझा घोळ इथेच होतो.

दुसरं, बाबांची जनुक चाचणी करावी का? भाऊ रोज विचारतोय, "आपल्यालाही होणार का?" कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

ताई, हे दोन फॉस्फेट वेगळे. जीटीपी रॅबच्या खोबणीत बसतो. लर्क-टू जो फॉस्फेट लावतं तो थेट रॅबच्या अंगावर, आणि तोही बटण जिथे हलतं नेमक्या त्या भागावर. त्यामुळे 'अडकलं' किंवा 'मोडलं' यापेक्षा 'वायर भलतीकडे जोडली गेली' म्हणणं जवळचं. एरवी काम झालेल्या रॅबला पेशीतल्या पडद्यावरून उचलून परत नेणारं जीडीआय नावाचं प्रथिन असतं. फॉस्फेट लागल्यावर त्याला रॅब नीट धरता येत नाही, म्हणून रॅब तिथेच साचतं. नेहमीचे जोडीदार सुटतात आणि आरआयएलपीएल१ सारखी दुसरीच प्रथिनं येऊन चिकटतात. गंमत म्हणजे लर्क-टूच्या आतही जीटीपीचं स्वतःचं एक बटण आहे, आणि काही घराण्यांत बिघाड तिथेच असतो.

चाचणीबद्दल: लर्क-टू जनुकातला सगळ्यांत प्रसिद्ध बदल, जी२०१९एस, उत्तर आफ्रिकेतल्या आणि अश्केनाझी ज्यू रुग्णांत बराच दिसतो, भारतीय रुग्णांत तो विरळ आहे. शिवाय तो असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही. बहुतेकांचा कंपवात एका जनुकामुळे येत नाही. आजार फार लवकर सुरू झाला असेल किंवा घरात आणखी कुणाला असेल, तर आधी जनुकीय समुपदेशकाला भेटा, चाचणीचं नंतर ठरवा. भावालाही सोबत न्या. लर्क-टूला आवर घालणाऱ्या औषधांच्या चाचण्या सुरू आहेत, पण त्या भरवशावर बाबांच्या आत्ताच्या गोळ्यांत काही बदल करू नका.

आणि ती दुधाची वही फेकू नका. जुनी-नवी पानं तारखेनिशी न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. गोळी घेतल्यावर किती वेळाने लिहिलं, तेही बाजूला टिपून ठेवा.