तीन मुलं आणि हात दोन, एकटीने बाहेर कसं नेता?

कासारवडवलीची_आई

नमस्कार, बरेच महिने इथे नुसतं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलचक होणारे, सांभाळून घ्या.

मला तीन मुलं. मोठी मुलगी साडेसहा वर्षांची, पहिलीत आहे, आणि तिच्या पाठीवर जुळे मुलगे, सव्वातीन वर्षांचे. नवऱ्याची शिफ्ट ड्यूटी, रविवारी बहुतेक वेळा तो कामावरच असतो, सासू-सासरे सांगलीला, आईचे गुडघे गेलेत त्यामुळे तिला चालायला लावणं नको वाटतं. म्हणजे रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत मी आणि ही तिघं. सोसायटीच्या गार्डनमध्ये तरी किती वेळ काढणार, अकरा वाजले की घरात भांडणं सुरू होतात आणि शेवटी टीव्ही लावून देते.

तर दोन रविवारांपूर्वी धीर करून तिघांना घेऊन तलावपाळीला गेले. संध्याकाळी गेले हीच पहिली चूक असेल, गर्दी खूप होती. बोटिंगची लाइन बघून म्हटलं जाऊ दे, बाहेरूनच तलाव दाखवते, कणीस घेते आणि परत येते. जुळ्यांचे दोन हात माझ्या दोन हातात आणि मोठीला सांगितलेलं की माझ्या ओढणीचं टोक धर. कणसाचे पैसे द्यायला मी एक हात सोडला आणि तेवढ्यात एकाला फुगेवाला दिसला. तो जो सुटला तो थेट रस्त्याच्या दिशेने. मी दुसऱ्याचा हात सोडला, पिशवी टाकली आणि धावले. दहा-बारा पावलांवर पकडला त्याला, काही झालं नाही. पण मागे वळून बघितलं तर माझी मोठी त्या गर्दीत दुसऱ्या भावाचा टी-शर्ट दोन्ही मुठीत धरून उभी होती, इतका घट्ट की त्याचा गळा ताणला गेला होता आणि तो रडत होता, आणि ही अजिबात रडत नव्हती. मी जवळ गेले तरी तिच्या मुठी सुटेनात. एक एक बोट उघडावं लागलं.

घरी येताना रिक्षात एक शब्द बोलली नाही. रात्री झोपताना विचारलं, "आई, मी हरवले असते तर तू कोणाला शोधलं असतंस आधी?"

मी काय उत्तर दिलं ते मला आठवतही नाहीये, नुसती जवळ घेऊन पडून राहिले. तेव्हापासून बाहेर काढलंच नाही कोणाला. नवरा म्हणतो दोन वर्षं थांब, मोठे होतील. पण दोन वर्षं घरात कसं बसवणार? आणि मोठीचं हेच तर वय आहे ना बघायचं. ज्यांना तीन आहेत, किंवा जुळी आहेत, तुम्ही एकटीने कसं नेता? कुठे नेता? ठाणे, नवी मुंबई दोन्ही चालेल, गाडी नाहीये आमच्याकडे.

---

ऐरोलीची_मावशी

अगं, वाचून पोटात गोळा आला. माझी तिघं आता मोठी आहेत, मोठा बारावीत, पण हा प्रसंग माझ्याबरोबर वाशी स्टेशनवर झालेला त्यामुळे तुला काय वाटलं असेल ते मला कोणी सांगायला नको. तू वाईट आई नाहीस हे आधी डोक्यातून काढून टाक. धावणाऱ्याच्या मागेच धावायचं असतं, दुसरा पर्यायच नव्हता तुझ्याकडे.

आता कामाचं सांगते. आपण लहानपणी स्टॅच्यू खेळायचो ना, ते शिकव त्यांना. मी घरात पॅसेजमध्ये सुरुवात केली, मग बिल्डिंगखाली, मग गार्डनमध्ये. मी "स्टॅच्यू" म्हटलं की जिथे असतील तिथे थांबायचं, मी येऊन हात लावेपर्यंत हलायचं नाही. थांबला की लगेच जवळ घ्यायचं, शाबासकी द्यायची. रोज दहा वेळा. तीन वर्षांच्या मुलाला नुसतं "पळू नको" म्हणून भागत नाही गं, पण स्टॅच्यू हा खेळ आहे, तो कळतो. मला पंधरा-वीस दिवस लागले. पण एक नियम कडक ठेव, हा शब्द रागावताना किंवा जेवायला बसवताना वापरायचा नाही, म्हणजे त्याची किंमत जात नाही.

दुसरं म्हणजे पैसे, मोबाईल, रुमाल सगळं कमरेच्या पाऊचमध्ये. पर्स नको, पिशवी नको, पाठीवर सॅक. पैसे द्यायची वेळ आली की आधी तिघांना भिंतीला किंवा कठड्याला पाठ टेकवून उभं करायचं, "पाठ भिंतीला" म्हणायचं, मग हात सोडायचा. कणीस घेताना झालं तसं होत नाही मग.

आणि वेळ. सकाळी साडेसातला बाहेर, दहा-साडेदहाला घरी. उपवनला सकाळी जा, तलावाच्या कडेने मोकळं असतं, संध्याकाळी तिथेही गर्दीच. एका फेरीत एकच ठिकाण. आपल्याला वाटतं आलोच आहोत तर तेही करून घेऊ, तिथेच सगळं बिघडतं, मुलं दमलेली असतात आणि आपणही.

---

नेरूळ_बाबा

ताई, मला दोन मुली आणि एक मुलगा, बायको शनिवारी कामावर असते म्हणून शनिवार माझा. तुम्ही गाडी नाही म्हणालात, मला वाटतं ते चांगलंच आहे कारण लोकल हीच मुलांची अर्धी पिकनिक असते. ठाणे स्टेशनला नऊ, दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स हार्बर लोकल सुटते, तिथूनच सुटत असल्यामुळे गाडी थोडी थांबलेली असते, चढायला घाई नाही आणि सकाळी खिडकीही मिळते. पाच वर्षांखालच्यांना तिकीट नाही, मोठीचं अर्धं काढा. नेरूळला अर्ध्या तासात पोचता, तिथून रिक्षाने वंडर्स पार्क. जगातल्या आश्चर्यांच्या छोट्या प्रतिकृती आहेत, ताजमहाल वगैरे, टॉय ट्रेन आहे, आत पळायला भरपूर जागा आणि चारी बाजूंनी कंपाउंड, आपल्यासारख्यांसाठी कंपाउंड ही फार मोठी गोष्ट आहे. पण रविवार म्हणजे मेगाब्लॉक, रुळांच्या कामासाठी गाड्या बंद असतात, आदल्या दिवशी बघून घ्या, नाहीतर तीन मुलांना घेऊन प्लॅटफॉर्मवर तासभर बसायची वेळ येते, आमच्यावर आलीय.

चढताना मुलं आधी आणि आपण शेवटी. उतरताना मी स्टेशन यायच्या आधी तिघांना दाराच्या आतल्या बाजूला, सीटच्या दांड्याला धरून उभं करतो, गाडी पूर्ण थांबली की मी आधी उतरून एक पाय दारातच ठेवतो आणि एकेकाला उचलून खाली घेतो. डिसेंबरनंतर ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात न्या, खाडीत फ्लेमिंगो असतात, बोट भरती-ओहोटी बघून सुटते त्यामुळे आधी चौकशी करून जायचं. ठाणे खाडीचा हा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही आला. माझ्या मधलीने तिथे विचारलं हे गुलाबी का, तर तिथल्या माणसाने सांगितलं की ते जे शेवाळ आणि बारीक जीव खातात त्यातल्या रंगद्रव्यामुळे. तिने घरी येऊन आठवडाभर बीट खाल्लं.

आणि एक गोष्ट राहवत नाही म्हणून लिहितो. "दोन वर्षं थांब" असं म्हणणं सोपं आहे. तुमच्या मिस्टरांना महिन्यातला एक दिवस, कुठलाही वार असो, तिघांना एकट्याने बाहेर न्यायला सांगा. मी पहिल्यांदा नेलं तेव्हा मला कळलं की बायको काय करत होती.

---

दोन_जुळे_एक_मोठा

मी हात-पट्टा वापरते, मनगटाला लावायचा, दुसरं टोक आपल्या मनगटाला. लोक बोलतात, ट्रेनमध्ये एका बाईने तोंडावर सांगितलं की कुत्र्यासारखं काय बांधलंय. मी ऐकून घेतलं आणि पट्टा तसाच ठेवला. स्टॅच्यू शिकेपर्यंत तरी गर्दीत वापर. आणि तिघांच्या कपड्यांच्या आतल्या बाजूला तुझा मोबाईल नंबर, बाहेर दिसेल असं नाव मात्र लिहू नकोस, अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल विश्वास ठेवतं.

---

नौपाड्याची_आजी

पोरी, सगळ्यांनी मुलांना कसं धरायचं ते सांगितलं, मी फक्त तुझ्या मोठीबद्दल सांगते.

तू लिहिलंस की जुळ्यांचे हात तुझ्या हातात आणि तिच्या हातात ओढणीचं टोक. ते वाक्य मी दोनदा वाचलं. साडेसहा वर्षांची पोर आहे ती. जुळे आले तेव्हा ती जेमतेम सव्वातीनची, आत्ता ते आहेत तेवढीच, आणि त्या दिवसापासून ती "मोठी" झाली. तुझ्या सगळ्या मजकुरात तू तिला मोठीच म्हटलंयस, मला खात्री आहे घरात ती "ताई" असेल. मीही हेच केलं माझ्या थोरलीच्या बाबतीत, ती आता पन्नाशीची आहे आणि अजून रस्ता क्रॉस करताना माझा हात धरते, मी नाही धरत तिचा, ती धरते.

पुढच्या वेळी जाशील तेव्हा एक हात तिचा. दुसऱ्या हातात एक जुळा, आणि दुसऱ्या जुळ्याने तुझ्या सॅकचा पट्टा धरायचा नाहीतर वर लिहिलाय तो मनगटाचा पट्टा. आळीपाळीने. पण तिचा हात रोज. भावंडांवर लक्ष ठेव असं तिला बाहेर गेल्यावर सांगायचं नाही, ते तुझं काम. आणि आठवड्यातून एकदा फक्त तिला घेऊन बाहेर पड, अर्धा तास पुरे. जुळ्यांना तेवढा वेळ शेजारीण बघेल, माग गं मदत, लाजू नको. आमच्या इथे स्टेशनजवळचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं आहे, मी थोरलीला दर गुरुवारी घेऊन जायचे, तिला आठवतं ते काय, तर पुस्तक नाही, येताना आम्ही दोघींनी उभं राहून प्यायलेला उसाचा रस.

तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून राहिलंय. ते दे. ती परत विचारणार नाही, तू मात्र विसरू नकोस.

---

कासारवडवलीची_आई

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. आजी, तुमचं वाचून स्वयंपाकघरात उभी राहून रडले, आणि हो, घरात ती ताईच आहे. उशिरा लिहितेय कारण आधी करून बघायचं होतं. तीन आठवडे झाले.

स्टॅच्यू सुरू केलं. एक जुळा चार दिवसांत शिकला, दुसरा, तो फुगेवाला वाला, त्याला अजून दहातल्या सहा वेळा जमतं, त्यामुळे त्याला पट्टा.

काल ओवळ्याच्या फुलपाखरांच्या बागेत गेलो, ओवळेकर वाडी. आमच्यापासून इतकी जवळ आणि मी कधी गेले नव्हते. रविवारी सकाळी उघडी असते. पावसानंतरचे हे दिवस फुलपाखरांचे, असं तिथे सांगितलं, आणि ऊन वर आलं की जास्त दिसतात. नऊला पोचलो, साडेदहाला निघालो, मावशी तुम्ही म्हणालात तसं तिथून दुसरीकडे कुठेही गेले नाही. रिक्षात बसायचा क्रमसुद्धा ठरवला, आधी मोठी उजवीकडे दांड्याच्या बाजूला, मग एक जुळा, मग मी आणि दुसरा मांडीवर. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि केळी, बाहेरचं काही घ्यायचंच नव्हतं त्यामुळे हात सोडायची वेळच आली नाही.

मी तिचा हात धरून चालत होते. पहिली दहा मिनिटं ती सारखी मागे वळून भावांना मोजत होती, एक, दोन, एक, दोन, ओठ हलताना दिसत होते मला. मी म्हटलं, "मी मोजतेय, तू फुलपाखरं बघ." मग तिथल्या काकांनी ब्लू मॉरमॉन दाखवलं, आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, काळं आणि मागच्या पंखांवर निळं, तळहाताएवढं. ते बघितल्यावर तिने मोजणं सोडलं. जुळे एका वाटेवर बसून मुंग्या बघत होते, त्यांना फुलपाखरांचं काही पडलेलं नव्हतं.

आणि आजी, प्रश्नाचं उत्तर दिलं. पहिल्याच गुरुवारी आम्ही दोघीच खाली गेलो होतो, जुळ्यांना शेजारच्या काकूंकडे ठेवून. मी सांगितलं की जो गाडीजवळ असेल त्याच्याकडे आई आधी धावते, मग तो कोणी का असेना, तू धावली असतीस तर तुझ्यामागे आले असते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी शहाण्यासारखी उभी राहिले म्हणून तू आली नाहीस." मी म्हटलं हो, आणि तुला तसं उभं राहावं लागलं हे माझं चुकलं. तिने मान हलवली आणि रस मागितला.

बागेत त्यांनी सांगितलं की कॉमन मॉरमॉन नावाचं फुलपाखरू कढीपत्त्यावर अंडी घालतं आणि त्याची लहान अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. घरी आल्या आल्या चप्पल न काढता ती बाल्कनीत गेली. आमच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर आहे एक, पानाच्या मधोमध. रोज शाळेतून आली की आधी तिथे जाते. मी फोडणीसाठी काकूंकडून पानं आणतेय सध्या.