पुढाऱ्यांचं बोलणं म्हणजे नुसती तोंडची वाफ?

पिंपळपार :
परवा दुसऱ्या धाग्यावर खडूसकाकांनी ठोकून दिलं, "पश्चिम आणि इस्लाम यांचं जे बरंवाईट होतं ते तेलामुळे आणि बॉम्बमुळे. पुढाऱ्यांची भाषणं म्हणजे तोंडची वाफ." वर सत्तावीस लाइक! तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण लांबलं, म्हणून हा वेगळा संसार.

काका, वाफच असती तर एका शब्दापायी व्हाइट हाउसची एवढी धावपळ झाली नसती. १६ सप्टेंबर २००१, रविवार. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याला पाच दिवस झाले होते. अमेरिकेचे अध्यक्ष बुश पत्रकारांसमोर बोलून गेले, "हे क्रुसेड, ही दहशतवादाविरुद्धची लढाई, वेळ खाणार आहे." टेक्सासच्या माणसाच्या तोंडी क्रुसेड म्हणजे मोहीम, आपल्याकडे दारूबंदीची असते तशी. अरबीत गेल्यावर तिची झाली क्रुसाची लढाई, म्हणजे थेट अकराव्या शतकातलं जेरुसलेम. दोन दिवसांत प्रवक्त्याला खेद व्यक्त करावा लागला. पण पाकिस्तानातल्या मुसलमानांना उद्देशून हल्ल्यामागच्या बिन लादेनचं पत्रक लगेच निघालंच, आणि त्यात बुश 'क्रुसेडर'. आयतं कोलीत!

हेच बुश १७ तारखेला वॉशिंग्टनच्या इस्लामिक सेंटरमध्ये गेले आणि "इस्लाम म्हणजे शांतता" म्हणाले. एफबीआयच्या नोंदीत मुस्लिमविरोधी द्वेषगुन्ह्यांच्या घटना २००० साली २८, २००१ साली ४८१, २००२ साली १५५. अध्यक्ष त्या आठवड्यात उलटं काही बोलला असता, तर हा आकडा खाली आला असता का? एवढंच सांगा.

खडूसकाका :
माझ्या नावाने धागा काढलात, आभारी आहे.

ताप पाचव्या दिवशी आपोआप उतरतो आणि श्रेय अंगारा देणाऱ्याला जातं, तसलं तुमचं गणित. आणि १५५ म्हणजे २८च्या पाचपटीहून जास्त, हे सोयीने विसरलात. मशिदीत जाऊन गोड बोललेला हाच माणूस मार्च २००३ मध्ये इराकमध्ये घुसला. २००४ साली तिथल्या अबू गरेब तुरुंगातल्या कैद्यांच्या छळाचे फोटो आले, त्यांना ना अरबी भाषांतर लागलं ना प्रवक्ता. त्यांच्यानंतरचे अध्यक्ष ओबामा २००९ साली कैरोत 'अस्सलामु अलैकुम' म्हणाले, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि तिकडे पाकिस्तानातल्या वझिरिस्तानात ड्रोनहल्ले चालूच. याला मराठीत केसाने गळा कापणे म्हणतात.

एडिसनकर :
काका, तुम्ही इराकमध्ये नव्हतात आणि मीही नव्हतो. पण २००१ साली मी न्यू जर्सीत होतो. एच-वन व्हिसा, दाढी, गव्हाळ रंग. १५ सप्टेंबरला ॲरिझोनात एका शीख पेट्रोलपंप मालकाला पगडी बघून गोळी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पार्किंगमध्ये देशी लोकांच्या झाडून सगळ्या गाड्यांवर अमेरिकेचे झेंडे. माझ्या करोलाचा झेंडा पेट्रोलपंपावरच घेतला होता, काच वर करून त्यात काडी दाबायची. हायवेला तो इतका फडफडायचा की बायको म्हणाली, कानावर पंखा ठेवलाय. त्याच रात्री दाढी काढली. बुश मशिदीत गेलेले टीव्हीवर बघितल्यावर जरा जिवात जीव आला. तुमच्या गणितात हे बसत नसेल तर राहू दे.

शब्दवेडी :
मूळ विषय चालू द्या, माझं एक जुनं दुखणं आहे. आपले पेपर क्रुसेडला 'धर्मयुद्ध' लिहितात. बरं, जिहादलाही 'धर्मयुद्ध'च! म्हणजे मराठी वाचकाला कळणार काय, तर बुश आणि लादेन एकच गोष्ट पुकारतायत. आणि ज्याला आपल्या परंपरेत धर्मयुद्ध म्हणतात ते तिसरंच: नियम पाळून केलेलं युद्ध. रथी रथीशी, पायदळ पायदळाशी, शस्त्र टाकलेल्यावर वार नाही. धर्माच्या नावाने युद्ध असा अर्थच नाही.

खडूसकाका :
कर्णाचं चाक रुतलं होतं तेव्हा कुठला नियम होता, मॅडम?

शब्दवेडी :
नियम मोडला म्हणून तर अजून वाद घालतोय ना आपण! नियमच नसता तर कोणी विचारलं असतं?

नीरक्षीर :
व्याकरणाचा तास संपला असेल तर एक उदाहरण. २००१ हे संयुक्त राष्ट्रांचं 'संस्कृती-संवाद वर्ष' होतं, आणि सुचवलं होतं इराणचे तेव्हाचे अध्यक्ष खातमींनी. ११ सप्टेंबरनंतर तेहरानमध्ये लोकांनी मेणबत्त्या लावल्या. डिसेंबरमध्ये बॉन परिषदेत अफगाण सरकार बसवायला इराणने मदत केली. २९ जानेवारी २००२ ला बुशनी त्याच इराणला 'दुष्टांच्या अक्षात' (ॲक्सिस ऑफ ईव्हिल, म्हणजे दुष्ट देशांच्या टोळीत) बसवलं. त्या दिवशी इराणवर बॉम्ब पडला नव्हता काका, शब्दच पडला होता. खातमींच्या इराणमधल्याच विरोधकांना हवं ते मिळालं.

सडेतोड७७ :
हे सगळं पश्चिमेनेच का ऐकायचं? जिहादचा अर्थ कितीही गोड करा. रत्नागिरीकर इथे असतातच, त्यांनी सांगावं त्यांचे नेते कधी माफी मागतात?

रत्नागिरीकर :
माझे नेते? माझा आमदार आणि तुमचा आमदार एकच आहे, मागच्या गणपतीत खड्ड्यांवरून दोघांनी मिळूनच शिव्या घातल्या होत्या. तुमच्या डोक्यात माझा नेता तेहरानला बसतो की रियाधला, तेही ठरलेलं नाही. त्या दोघांचं तर आपसांतच पटत नाही.

जिहादचं म्हणाल तर माझे आजोबा पावसाळ्यात पहाटे चारला उठून विहिरीच्या थंडगार पाण्याने वजू करायचे, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायचे, आणि "हो माझो जिहाद" म्हणायचे. मूळ अर्थ धडपड. धर्मयुद्ध हा शब्द आमच्या घरात तुमच्या पेपरातून आला. आणि हो, लादेनने त्याचं काय केलं ते मलाही माहीत आहे. तुमच्याआधी मलाच ते निस्तरावं लागतं, दर वेळी, ऑफिसात डबा उघडला की.

सडेतोड७७ :
बरं, 'तुमचे नेते' मागे घेतो. प्रश्न मागे घेत नाही.

कुवेतवाला :
प्रश्नाचं उत्तर मी देतो, किराणा दुकानातून. ऑक्टोबर २०२०. फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्रॉन २ तारखेला बोलले की इस्लाम जगभर संकटात आहे. त्याच भाषणात ते असंही म्हणाले की वस्त्या वेगळ्या पाडायचं पाप आपणच केलं, वसाहतवादाच्या जखमा अजून आहेत. तेवढं कोणी उचललं नाही. १६ तारखेला वर्गात पैगंबरांची व्यंगचित्रं दाखवणाऱ्या फ्रेंच शिक्षकाचा गळा चिरला, मग तुर्कस्तानचे एर्दोआन म्हणाले मॅक्रॉनना डोक्याच्या उपचारांची गरज आहे. फ्रेंच मालावर बहिष्कार पडला. कुवेतमधल्या आमच्या सहकारी भांडारात संध्याकाळी दूध आणायला गेलो तर फ्रिजच्या दोन फळ्या रिकाम्या. पोराचं किरी चीज गायब, ते फ्रेंच ना. शेजारी लुर्पाक लोणी मात्र ऐटीत. डॅनिश! २००६ साली डेन्मार्कमधल्या व्यंगचित्रांवरून हेच डॅनिश लोणी फळीवरून उतरवलं होतं. मांडणारा केरळचा पोरगा म्हणाला, "साब, अभी इनका नंबर है."

२९ तारखेला मलेशियाचे माजी पंतप्रधान महाथिर यांनी लिहिलं की जुन्या कत्तलींसाठी लाखो फ्रेंचांना मारायचा मुसलमानांना हक्क आहे. बोंब झाल्यावर म्हणे, पुढचं वाक्य वाचा, मुसलमानांनी तसं केलेलं नाही. मॅक्रॉनही अल जझीराला मुलाखत देऊन हेच सांगत होते, माझं पुढचं वाचा. दोघांचं पुढचं वाक्य कोणी वाचलं? आणि पुढचं कोणी वाचत नाही, हे दोघांनाही आधी ठाऊक नव्हतं, असं मला वाटत नाही.

खडूसकाका :
ठीक. वाफेने चीज हलतं, एवढं मान्य. सत्तावीसातले दोन लाइक परत करतो.

पिंपळपार :
आणि इराणचं?

खडूसकाका :
तिसराही घ्या. इराक देणार नाही.

शब्दवेडी :
माझं राहिलंच. क्रुसेडला मराठीत लिहायचं काय?

एडिसनकर :
मोहीम लिहा. आमच्या लहानपणी देवी टोचायची मोहीम यायची, तेव्हा आम्ही फक्त माळ्यावर लपायचो.

रत्नागिरीकर :
बुशना कोणीतरी हे आधी सांगायला हवं होतं. आजोबासुद्धा माळ्यावरच लपले होते म्हणे.