४० हजारांत ऑनलाइन विक्री सुरू करायचीय, होलसेलमधून कोणता माल उचलू?

डोंबिवलीकर स्वाती

नमस्कार मंडळी. यजमानांची कंपनी बंद झाली, त्यामुळे घरातून काहीतरी सुरू करायचं ठरवलंय. ४० हजार बाजूला काढलेत, त्यापलीकडे एक रुपयाही नाही. गेल्या आठवड्यात मस्जिद बंदरला उतरून मनीष मार्केट, अब्दुल रेहमान स्ट्रीट पालथी घातली आणि डोकं गरगरलं. एक जण ‘ब्रँडेड’ इअरफोन ९० रुपयांना देतोय, कमीत कमी २०० नग. दुसरीकडे बॅटरीवरची खेळणी स्वस्त आहेत. अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशोवर तेच इअरफोन ३५०-४०० ला दिसतात, म्हणजे फायदा चांगला वाटतोय. घेऊ का? पैसे अडकले तर पुन्हा उभं राहणं कठीण आहे.

कल्याण_अकाउंट्स

स्वातीताई, पैसे देण्याआधी कागद बघा. ऑनलाइन माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी सहसा जीएसटी नोंदणी लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून थोडी सवलत आहे. फक्त महाराष्ट्रातच विकणार असाल आणि उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर नोंदणीऐवजी पोर्टलवरून एनरोलमेंट नंबर घेऊन चालतं. पण मग राज्याबाहेरची ऑर्डर घेता येत नाही.

खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मार्क नसलेला माल हातात धरू नका.

लालबागची मीना

स्वाती, ते इअरफोन घेऊ नकोस. ९० रुपयांत ब्रँडचा माल येत नाही. बनावट म्हणून एक तक्रार गेली की खातं बंद होतं आणि आत जमा झालेले पैसेही अडकतात. दुकानदार पक्कं बिल देत नसेल तर भाव कितीही गोड असू दे, पायऱ्या उतर.

मी सहा वर्षं हे करतेय. पहिला माल प्लॅस्टिकच्या डब्यांच्या सेटचा घेतला होता. वजन जेमतेम साडेतीनशे ग्रॅम, म्हणून कुरिअर स्वस्त पडेल असं धरलं. पण खोका होता ३० बाय २० बाय १५ सेंटीमीटर. कुरिअरवाले खोक्याच्या मापावरूनही वजन धरतात. तिन्हींचा गुणाकार करून ५००० ने भागतात, म्हणजे बिल लागलं १.८ किलोचं! दर ऑर्डरमागे घरचे पैसे गेले. तेव्हापासून बाजारात जाताना पर्समध्ये मोजपट्टी असते.

मग ठरवलं: फुटणार नाही, खराब होणार नाही, ज्याला साइझ नाही आणि चपटं पॅक होतं तेच घ्यायचं. मला सापडले खणाचे छोटे बटवे, दोरी ओढून बंद होणारे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका हळदी-कुंकवाला वाण लुटतात, त्यांना एकसारखे डझनभर नग लागतात. म्हणून मी बाराचा सेटच विकते. सुटा बटवा विकला तर कुरिअरच त्याला खाऊन टाकतं.

आता हिशेब बघ. विक्रीची किंमत ३९९, त्यात जीएसटी धरलेला असतो, हे नवीन माणूस हमखास विसरतो. तो काढून राहतात साधारण ३८०. कमिशन, फी, कुरिअर मिळून १३०. माल १४ रुपये नगाप्रमाणे १६८. पिशवी, लेबल, टेप ९. उरले ७३. पण दहा ऑर्डरींत दोन परत येतात आणि प्रत्येकीमागे ८५ च्या आसपास जातात. म्हणजे आठांचे ५८४, त्यातून १७० गेले, दहा ऑर्डरींमागे ४१४. हेच चार परत आले तर दहांमागे फक्त ९८ उरतात. कुर्ते-ब्लाउज नको म्हणते ते याचसाठी, साइझ बसली नाही की पार्सल परत. कॅश ऑन डिलिव्हरीला तर दारातूनच परत पाठवतात.

माल घेताना एक कर. पांढरा रुमाल ओला करून खणावर जोरात घास. मरून आणि गडद हिरवा रंग हमखास सोडतात. मी एकदा बघितलं नाही आणि एका बाईंच्या तिळगुळाला रंग लागला. त्यांनी फोटोसकट रिव्ह्यू टाकला. अगदी बरोबर केलं त्यांनी, सणाच्या दिवशी त्यांची फजिती झाली होती. दोरीही दहा वेळा ओढून बघ, शिवण तिथेच उसवते.

आणि ४० हजार एकदम घालू नकोस. चार हजारांत वीस सेट घे, दोन-तीन रंगांत. फोटो स्वतःच काढ, खिडकीच्या उजेडात. पहिले पैसे खात्यात आले, परतावे कळले, की मगच पुढचा माल.

डोंबिवलीकर स्वाती

मीनाताई, इअरफोनवाल्याला आत्ताच नाही म्हणून कळवलं. एकच शंका. रथसप्तमीनंतर बटवे पडून राहिले तर?

लालबागची मीना

बरं केलंस. बटव्यावर काही छापून घेऊ नकोस. मी एका वर्षी ‘तिळगूळ घ्या गोड गोड बोला’ छापलेले घेतले, त्यातले पन्नास सेट पुढच्या पौषापर्यंत माळ्यावर होते. साधा खण असेल तर डोहाळजेवण, मुंज, बारसं, लग्नातली परतभेट, सगळीकडे चालतो. लिस्टिंगच्या नावात ते शब्द घाल, लोक तसंच शोधतात.

पाकिटावर एमआरपी, नग, तुझं नाव-पत्ता आणि ग्राहकांसाठीचा नंबर छापायला विसरू नकोस. सोमवारी मी भुलेश्वरला जाणार आहे. अकराच्या आत आलीस तर दोन गाळे दाखवते, दुपारनंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. रुमाल आण.