कॅम्पर व्हॅन, आठ वर्षांची कुत्री आणि एप्रिलमधले कोकण: सल्ला हवा आहे

भुरीची आई, पुणे

नमस्कार. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात भाड्याची कॅम्पर व्हॅन घेऊन नऊ दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने फिरण्याचा आमचा बेत आहे. ताम्हिणी उतरून माणगावमार्गे हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीबोटीने वेश्वी, पुढे वेळास, केळशी, हर्णै, दाभोळ ते धोपावे पुन्हा फेरीबोट, मग गुहागर, गणपतीपुळे आणि शेवटी मालवण, असा मार्ग ठरवला आहे. सोबत आमची आठ वर्षांची लॅब्रॅडॉर भुरी असेल. तिचे वजन जरा जास्त आहे आणि तिने समुद्र अजून पाहिलेला नाही. गाडीच्या छतावर एसी आहे, पण तो बाहेरून वीज जोडली तरच चालतो. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा करताना किंवा मालवणला होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाताना तिला तासदीड तास एसी लावून गाडीत ठेवले तर चालेल का? गोचिडांसाठी निघण्यापूर्वी काय करावे आणि समुद्रात पोहू द्यावे का, हेही कृपया सांगावे.

पशुवैद्य, रत्नागिरी जिल्हा

ताई, तासदीड तासच काय, दहा मिनिटेही तिला गाडीत एकटी ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेर ३० अंश तापमान असताना उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतले तापमान दहा मिनिटांत ४० अंशांच्या आसपास जाते, आणि काचा बोटभर उघड्या ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरचे आणि श्वासमार्गातले पाणी वाफ होऊन उडून जाते आणि त्यातून अंग निवते. एप्रिलमध्ये आमच्याकडची हवा आधीच इतकी दमट असते की ही वाफ नीट होतच नाही. त्यामुळे देशावरच्या ३८ अंशांपेक्षा किनाऱ्यावरचे ३३ अंश कुत्र्याला अधिक जड जाऊ शकतात, आणि वयाने व वजनाने भारी कुत्र्याला तर निश्चितच.

कुत्र्याच्या अंगाचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश असते, ते ४१ च्या वर गेले की जिवावर बेतते. न थांबणारी धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, तोल जाणे यांपैकी काहीही दिसले तर तिला सावलीत घेऊन अंगावर, विशेषतः पोटावर आणि जांघांत, साधे पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि लगेच दवाखाना गाठावा. ती जरा सावरली म्हणून दवाखान्याचा फेरा टाळू नये, कारण आतल्या अवयवांना झालेली इजा पुढच्या एकदोन दिवसांत उघड होते.

गोचिडांची गोळी किंवा मानेवर सोडायचे औषध आपल्या डॉक्टरांकडून निघण्याच्या आठवडाभर आधी द्यावे. रोज संध्याकाळी कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली हात फिरवून पाहावे. गोचीडतापाची लक्षणे चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, म्हणून पुण्याला परतल्यावरही ती जेवेनाशी झाली, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा लघवी गडद झाली तर रक्त तपासून घ्यावे. तापावर घरातली पॅरासिटामॉल मात्र कदापि देऊ नये. रेबीज आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) लसी चालू असल्याची खात्री करावी.

कातळावर आणि गडग्यांच्या कडेला फुरसे हा विषारी साप असतो. त्यामुळे अंधार पडल्यावर तिला विजेरीच्या उजेडात, पट्ट्याला धरूनच बाहेर न्यावे. रात्री तिला गाडीबाहेर बांधून ठेवू नये. आमच्या भागात बिबट्या वस्तीपर्यंत येतो आणि कुत्रे हे त्याचे नेहमीचे भक्ष्य आहे.

वाटसरू, चिपळूण

डॉक्टरसाहेबांच्या पहिल्या मुद्द्याला माझ्या अनुभवाची जोड देतो. दोन वर्षांपूर्वी गुहागरजवळ एका अंगणातून वीज जोडून घेऊन, एसी लावून आम्ही जेवायला गेलो. तेवढ्यात गावातली वीज गेली आणि ते आम्हाला समजलेच नाही. पंचवीस मिनिटांनी परतलो तेव्हा आमचा कुत्रा दाराच्या फटीला नाक लावून पडला होता. तो वाचला, पण ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हापासून आमच्यापैकी एक जण नेहमी त्याच्यापाशी थांबतो. किल्ला आळीपाळीने पाहता येतो.

घरगुती निवास देणाऱ्यांना आधी विचारले तर बरेच जण आमराईत किंवा माडांच्या आगरात गाडी उभी करू देतात, तिथे विहिरीचे पाणीही मिळते. मात्र गाडी नेमकी माडाखाली लावू नये, नारळ आणि झावळ्या पडतात. आपण जाणार ते दिवस काजूचे आणि आंब्यांचे आहेत. ओल्या काजूच्या टरफलातल्या तेलाने तोंड भाजते आणि गिळलेली आंब्याची कोय आतड्यात अडकते, म्हणून बागेतही पट्टा सोडू नये.

समुद्रात पहाटे किंवा सूर्य कलल्यावर, लांब दोरी लावून, पोटाएवढ्या पाण्यापर्यंतच न्यावे. खारे पाणी प्यायल्यास उलट्या आणि जुलाब होतात, म्हणून पाण्यात नेण्याआधी गोडे पाणी भरपूर पाजावे आणि नंतर तिला गोड्या पाण्याने धुवून कान कोरडे करावेत. हर्णैसारख्या बंदरांत जाळ्यांचे तुकडे, गळ आणि टाकून दिलेले मासे वाळूत पडलेले असतात. त्यांतला केंड मासा मेल्यावरही विषारीच असतो. लॅब्रॅडॉर तोंडात काय घालेल याचा नेम नाही, त्यामुळे समुद्रापेक्षा मला या वाळूचीच अधिक धास्ती वाटते.

वेळासकर

आपण आमच्या गावावरून जाणार आहात म्हणून एक विनंती. ऑलिव्ह रिडले कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये अंडी घालतात आणि पिल्ले बाहेर यायला दीड ते दोन महिने लागतात. म्हणजे एप्रिलमध्येही काही घरटी वाळूखाली असू शकतात. कुत्र्याला वास लागला की तो उकरतो. २००२ पासून येथे या घरट्यांची राखण होत आली आहे. वेळास आणि आंजर्ल्याच्या पुळणीवर भुरीला कृपया नेऊच नये, पट्ट्याला बांधूनही नाही. गाडीही वाळूवर उतरवू नये. तिला फिरवायला गावातली सावलीची पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, चांगली आहे.

भुरीची आई, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. वीज जाण्याचा विचार आमच्या डोक्यात आलाच नव्हता. आम्ही एप्रिलचे आरक्षण रद्द करून जानेवारीचे घेतले आहे. मालवण वगळून गुहागरपर्यंतच जाऊ, म्हणजे प्रवास सकाळी दहाच्या आत आटोपता येईल. प्रदक्षिणा आधी माझे यजमान करतील, नंतर मी. जानेवारीत वेळासला घरटी भरलेली असतील, त्यामुळे तिथे भुरी पाखाडीवरच फिरेल. तोपर्यंत तिचे तीनचार किलो वजन उतरवायचे आहे, त्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.